खिडकीमागील खिडकी

ह्या सदराच्या वाचकांकडून जीं पत्रें येतात, त्यांत एक तक्रार गेलीं कित्येक वर्षें न चुकतां आढळते. दुकानाचा, दवाखान्याचा अथवा एखाद्या संस्थेचा हिशेब ज्या जुन्या प्रोग्रॅमवर चालतो, तो ऐन घाईच्या वेळीं थिजतो. कळा दाबून बोटें दुखलीं तरी हालत नाहीं. आणि अखेर यंत्राची वीज तोडून तें पुन्हां चालू करावें लागतें. अशा पत्रांस 'जुना प्रोग्रॅम टाकून नवा घ्यावा' एवढेंच एका ओळीचें उत्तर आम्ही आजवर देत आलों. तें उत्तर किती उथळ होतें हें आम्हांस गेल्या कार्तिकांत कळलें, आणि तेंही आमच्याच घरीं. म्हणून आज इतर विषय बाजूस ठेवून तेवढी एकच हकीकत सांगावयाची आहे. तींत घरांतील एका वृद्ध माणसाची अब्रू गुंतलेली होती, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

आमचें मूळ घर सोनाळ्यास. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या अगदीं पायथ्याशीं हें गांव आहे. अंबाबरवा अभयारण्याकडे जाणारी वाट येथूनच पुढें जाते, आणि सोनाजी महाराजांच्या मंदिरामुळें पंचक्रोशींत गांवाचें नांव आहे. भोंवतालीं कपाशी, तूर, सोयाबीन, आणि पाणी असेल तेथें संत्र्याच्या बागा. आमचे थोरले काका, ज्यांस सारें घर आबा म्हणतें, यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं येथें बियाण्यांचें व खतांचें दुकान घातलें. आज अशा दुकानास कृषि सेवा केंद्र म्हणतात. आरंभीं रोजकीर्द व खतावणी आबांच्याच हातचीं असत, आणि त्यांचें अक्षर इतकें नेटकें कीं तालुक्याचे अधिकारी तपासणीस आले म्हणजे वह्या पाहून संतोष पावत. पुढें सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं त्यांनीं एका लहानशा कारागिराकडून हिशेबाचा प्रोग्रॅम करून घेतला. त्या गृहस्थांनीं तो धंदा केव्हांच सोडला. प्रोग्रॅम मात्र दुकानांत राहिला.

वास्तविक तो एक नसून दोन प्रोग्रॅमांची जोडी आहे. एक बिल करतो, दुसरा खतावणी सांभाळतो. उधारीचें बिल पुरें झालें कीं पहिला दुसऱ्यास हांक मारतो. दुसरा त्या शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम नांवें टाकतो. आणि काम झाल्याचें त्याच्याकडून कळलें म्हणजे पहिला बिलास क्रमांक देऊन मोकळा होतो. ही रचना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सारा घोटाळा ह्या दोघांच्या मधल्या जागेंत झाला.

दोन वर्षांपूर्वीं दुकानाचें जुनें यंत्र निकामी झालें आणि मोठ्या पडद्याचें नवें आलें. आमचा पुतण्या शिक्षण पुरें करून तेव्हांच घरीं परतला होता. त्यानें जुनी जोडी नव्या यंत्रावर चालती केली, आणि आबांच्या वृद्ध डोळ्यांस सोयीचें व्हावें म्हणून बिलाची खिडकी ताणून सबंध पडदाभर केली. पडद्याच्या तळाशीं चालू प्रोग्रॅमांचीं नांवें दाखविणारी जी पट्टी असते, तीही त्यानें दडवून टाकली. आबांचा हात चुकून भलत्या ठिकाणीं लागूं नये, हा हेतु. मुलाचा हेतु चांगलाच होता.

पुढच्याच मृगांत त्रास सुरू झाला. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं टुनकी, लाडणापूर आणि डोंगराकडील वस्त्या येथून लोक बियाण्यासाठीं लोटतात. दुकानाच्या पायरीवर उभें राहावयास जागा नसते. अशा गर्दींत बिलाचा पडदा एकाएकीं पांढुरका होई, माथ्यावर 'नॉट रिस्पाँडिंग' असे शब्द उमटत, आणि सर्व काम खोळंबे. पुतण्या धांवत येऊन यंत्र बंद करी, पुन्हां चालू करी, आणि तेंच बिल नव्यानें होई. दर वेळीं आबा म्हणत, "थांब रे, त्यानं मला कांहींतरी विचारलं होतं. चौकट आली होती, मी पाहिली."

"आबा, पडद्यावर काय आहे तें तुम्हांला दिसतंय ना? कुठं आहे चौकट?"

आणि चौकट खरोखरच कोठें नसे.

दिवाळीच्या सुमारास कापसाचा पैसा हातीं आला म्हणजे लोक उधारी फेडावयास येतात. टुनकीकडील एक शेतकरी आपली घडी घातलेली चिठ्ठी घेऊन आला आणि खात्याची बाकी ऐकून चकित झाला. "आबा, माह्या चिठ्ठीवर त एकच बिल हाय. तुमच्या यंत्रात दोन कसे काय निंगाले?" यंत्रांत खरोखरच दोन रकमा होत्या, दिवस तोच, माल तोच, पैसाही तोच. आबांनीं त्यास हात जोडले, एक रक्कम खोडली, चहा पाजून पाठविलें. आठ दिवसांत दुसरा आला, मग तिसरा. गांवांत उघड कोणी कांहीं बोललें नाहीं. घरांत मात्र कुजबुज सुरू झाली: आबांस आतां अठ्ठ्याहत्तर वर्षें झालीं, बिल केल्याचें विसरून तें पुन्हां करतात, आणि वर चौकटी दिसल्याचें सांगतात. वहिनींनीं आम्हांस दूरध्वनीवर ही हकीकत सांगितली तेव्हां त्यांचा स्वर रडवेला होता. आदल्या संध्याकाळीं आबांनीं गल्ल्याच्या किल्ल्या पुतण्यापुढें ठेवल्या होत्या, आणि म्हणाले होते, "आतां माझा मलाच भरंवसा वाटत नाहीं."

आम्ही सोनाळ्यास गेलों तें खरें पाहतां आबांची बाजू घेण्यासाठीं नव्हे. नवा प्रोग्रॅम घ्यावा, जुन्या खतावणींतील सर्व बाक्या त्यांत उतरवाव्या, आणि आबांस विश्रांति द्यावी, असें आम्हीं व पुतण्यानें मिळून ठरविलेंच होतें. एका दुपारीं दुकानांत सामसूम असतां, उतरवावयाच्या खात्यांची मोजदाद करावी म्हणून आम्ही यंत्रापुढें बसलों. आबा शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्र धरून होते. प्रोग्रॅमाची रीत समजावी म्हणून आम्हीं आमच्याच नांवें तुरीच्या बियाण्याचें एक खोटें बिल केलें. शेवटची कळ दाबली. क्षणभर कांहीं घडेना म्हणून आम्हीं संवयीनें माऊसनें बिलावर एक टिचकी मारली. तेवढ्यांत एक लहानशी चौकट चमकून गेल्यासारखी वाटली. मग पडदा पांढुरका झाला.

"पाहिलंस ना?" आबा वर्तमानपत्र खालीं न ठेवतां म्हणाले.

आम्हीं पाहिलें होतें. यंत्र बंद करावयास पुतण्या पुढें सरसावला, त्यास आम्हीं थांबविलें. आल्टची कळ दाबून धरली आणि टॅबची कळ एकदां दाबली. पडद्यावर दोन लहान चित्रें उमटलीं: एक बिलाचें, दुसरें खतावणीचें. दुसऱ्यावर येऊन बोट उचलतांच, बिलाच्या विस्तीर्ण खिडकीमागून ती चौकट पुढें आली. इतके महिने ती तेथेंच, बिलाच्या पाठीशीं, उत्तराची वाट पाहत उभी राहत होती. तिच्यावरील मजकूर मात्र कोणास वाचतां येईना. रोमन अक्षरें, स्वल्पविराम व कंस यांची ती एक निरर्थक रांग होती, आणि खालीं 'येस' व 'नो' अशा दोन कळा. पुतण्या म्हणाला, "हा तर नुसता कचरा आहे."

आबांनीं चष्मा सारखा केला. "प्रत छापायची का, असं विचारतेय ती. नको म्हण."

आम्हीं 'नो' दाबलें. त्याच क्षणीं बिलाची खिडकी शुद्धीवर आली, बिलास क्रमांक मिळाला, आणि कोरा नमुना पुढें आला. तें वाचलें कसें, असें आम्हीं आबांस विचारलें. ते म्हणाले, "पूर्वीं मराठींत यायची. तेव्हांही ओळ एवढीच लांब होती."

आतां ह्या प्रकारांतील यंत्राची बाजू सांगतों. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या नेहमींच एकमेकींस झांकीत असें नाहीं. मायक्रोसॉफ्टची विंडोज ही प्रणाली १९८५ सालीं प्रथम बाहेर आली तेव्हां तींत प्रोग्रॅमांच्या खिडक्या फरशीवरील लाद्यांप्रमाणें शेजारीं शेजारीं बसत. एक दुसरीच्या मागें जाऊंच शकत नसे. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्या मेजावरील कागदांसारख्या एकमेकींवर पसरूं लागल्या. सोय मोठी झाली, आणि कागदाखालीं कागद हरवूं लागला तोही तेव्हांपासूनच. एकाच प्रोग्रॅमनें काढलेली चौकट सामान्यतः आपल्या मालक खिडकीच्या वरच राहते. मालकिणीस तिला झांकतां येत नाहीं. परंतु येथें चौकट खतावणीची आणि वरची खिडकी बिलाची. दोन निरनिराळे प्रोग्रॅम. त्यांच्यांत मालकीचें नातें बांधून देण्याचें राहून गेलेलें. म्हणून बिलावर नुसती एक टिचकी पडतांच बिल पुढें आलें आणि प्रश्न मागें गेला.

मागें गेलेला प्रश्न आपण होऊन पुन्हां पुढें कां येत नाहीं, असें वाचक विचारतील. पूर्वीं येत असे. विंडोज ९८ व विंडोज २००० पासून असा नियम झाला कीं, माणूस एका खिडकींत काम करीत असतां दुसऱ्या प्रोग्रॅमनें मध्यें उडी घेऊन पुढची जागा बळकावूं नये. त्यानें तळाच्या पट्टींतील आपल्या नांवाची कळ तेवढी लुकलुकवावी. नियम शहाणपणाचाच आहे. नाहीं तर पत्र लिहितां लिहितां दाबलेली कळ भलत्याच प्रश्नाचें उत्तर होऊन बसावयाची. पण आमच्या दुकानांत ती पट्टीच दडविलेली होती! खतावणी बिचारी लुकलुकत होती, आणि आम्हीं तिच्यावर पडदा टाकला होता.

'नॉट रिस्पाँडिंग' ह्या शब्दांचा अर्थही पुष्कळ लोक चुकीचा घेतात. प्रोग्रॅम मेला असा तो नव्हे. सुमारें पांच सेकंदपर्यंत एखाद्या खिडकीनें बाहेरचा कोणताही निरोप उचलला नाहीं, तर प्रणाली तिच्या जागीं तिचीच फिकट प्रतिमा उभी करते आणि माथ्यावर तसे शब्द लिहिते. निरोप न उचलण्याचें कारण मरण असेल, मोठें काम असेल, किंवा नुसतें दुसऱ्याची वाट पाहणें असेल. आमचें बिल केवळ वाट पाहत होतें.

राहिला तो अक्षरांचा प्रश्न. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं मराठी प्रोग्रॅम बहुधा विशिष्ट वळणाच्या फाँटवर चालत. यंत्रांत सांठविलेलीं चिन्हें रोमनचींच, त्यांवर देवनागरीचा मुखवटा. बिलाच्या नमुन्यांत तो फाँट प्रोग्रॅम स्वतःच लावतो, म्हणून तेथें मराठी नीट दिसतें. पण प्रश्नाच्या चौकटीचें अक्षर प्रणाली ठरविते. जुन्या विंडोज एक्सपीच्या यंत्रावर कारागिरानें देखाव्याच्या पोटांतील रकान्यांत शिरून चौकटींचा फाँटच बदलून ठेवला होता. विंडोज ८ पासून तो रकाना दिसेनासा झाला. नव्या यंत्रावर मुखवटा उतरला आणि खालचीं रोमन चिन्हें उघडीं पडलीं. चौकट कोणाच्या दृष्टीस चुकून पडली असती, तरी तिला प्रश्न असें कोणी म्हटलें नसतें. आबांवांचून.

दुहेरी रकमांचा उलगडा यापुढें अवघड नव्हता. खतावणी रक्कम आधीं नांवें टाकते आणि मग प्रतीचा प्रश्न विचारते. त्या प्रश्नापाशीं यंत्र बंद केलें कीं खात्यावर रक्कम पडलेली, पण बिलास क्रमांक नाहीं. मग तेंच बिल नव्यानें केलें कीं खात्यावर रक्कम दुसऱ्यांदा. म्हणजे चूक बिल करणाऱ्याच्या विस्मृतीनें होत नव्हती. यंत्र जितक्या वेळां घाईनें बंद झालें, तितक्या वेळां ती होत होती. हें ऐकून पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, कारण बंद करणारा हात त्याचा होता.

आम्हीही मनांतून ओशाळलों. ठरल्याप्रमाणें सर्व बाक्या नव्या प्रोग्रॅमांत उतरविल्या असत्या, तर ह्या दुहेरी रकमाही तितक्याच नीटनेटकेपणानें तेथें जाऊन बसल्या असत्या, आणि पुढें त्यांचें मूळ कोणास सांपडलें नसतें. आबांचें नांव मात्र कायमचें त्यांस चिकटलें असतें.

म्हणून प्रथम दोन्ही प्रोग्रॅमांच्या सर्व दप्तराची एक नक्कल वेगळ्या डबींत काढून ठेवली. दुरुस्तीपूर्वीं हें करणें अवश्य. नंतर वहिनी बिलांचे क्रमांक वाचीत आणि आबा खतावणींतील रकमांवर खूण करीत, अशा तीन रात्री गेल्या. ज्या रकमेस बिलाचा क्रमांक नाहीं ती फाजील. अशीं नऊ खातीं निघालीं. तिघे आधींच तक्रार घेऊन आले होते. चौघांनीं अजून पैसे भरले नव्हते. आणि दोघांनीं दुप्पट रक्कम मुकाट्यानें भरून टाकली होती. ह्या दोघांचें आम्हांस फार वाईट वाटलें. दुकानावर त्यांचा इतका विश्वास, कीं त्यांनीं चिठ्ठी पडताळून पाहिली नाहीं.

इतरांच्या घरीं खिडकी हरवण्याचीं कारणें थोडीं निराळींही असतात, तीं येथेंच सांगून टाकतों. यंत्रास पूर्वीं दुसरा पडदा जोडलेला असेल आणि आतां तो काढला असेल, तर जुना प्रोग्रॅम आपली खिडकी त्या नसलेल्या पडद्यावर उघडतो. अशा वेळीं आल्ट व टॅबनें ती निवडावी, मग आल्ट व स्पेस एकत्र दाबून एम दाबावा आणि बाणाच्या कळांनीं तिला ओढून आणावें. पडद्यावरील अक्षर दीडपट मोठें केलें असल्यास जुन्या चौकटींच्या तळाच्या कळा कधीं कधीं कांठाबाहेर जातात; प्रश्न दिसतो, पण उत्तर देण्यास जागा नाहीं! तेथें प्रोग्रॅमच्या चित्रावर माऊसची उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमधील कंपॅटिबिलिटी ह्या पानावर त्या एका प्रोग्रॅमपुरतें मोठेपण आवरतां येतें. कित्येकदां 'दुसरा प्रोग्रॅम व्यस्त आहे' अशा अर्थाची इंग्रजी चौकट येते आणि लोक 'रिट्राय' दाबीत बसतात. तेथें 'स्विच टू' दाबून त्या दुसऱ्याचें काय अडलें आहे तें पाहावें. डॉसच्या काळच्या प्रोग्रॅमांची गोष्ट वेगळी. ते चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मुळींच चालत नाहींत, आणि विंडोज ११ तर तेवढ्याच प्रकारची आहे. त्यांस डॉसबॉक्ससारख्या साधनाचा आश्रय द्यावा लागतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

सोनाळ्यास उपाय म्हणून जें केलें तें इतकें किरकोळ आहे कीं लिहितांना संकोच वाटतो. तळाची पट्टी पुन्हां उघडी केली. बिलाची खिडकी पडद्याच्या तीनचतुर्थांशावर आणून उजवीकडे मोकळी जागा ठेवली आणि खतावणीची चौकट त्या जागेंत ओढून पाहिली. आमच्या सुदैवानें तो प्रोग्रॅम आपली जागा लक्षांत ठेवणारा निघाला. चौकटींतील अक्षरें तशींच निरर्थक राहिलीं आहेत. त्यांचा अर्थ आबांनीं एका कागदावर बोरूच्या वळणानें लिहून दिला, तो पडद्याच्या कडेस चिकटविला आहे. यंत्र थिजल्यास आधीं आल्ट व टॅब, आणि त्यानें कांहीं न निघाल्यासच आबांस विचारून बंद करावयाचें, असा पुतण्यानें आपणच नियम केला. नवा प्रोग्रॅम केव्हां तरी घ्यावा लागेलच. पण तो चोख बाक्यांवर, पुढच्या आर्थिक वर्षाच्या आरंभीं.

ज्या दोघांनीं दुप्पट पैसे भरले होते त्यांचे पैसे परत करावयास पुतण्या स्वतः त्यांच्या घरीं गेला. एकानें ते मोजून घेतले. दुसऱ्यानें पुढील मृगाच्या बियाण्यांत वळते करा म्हणून सांगितलें, आणि आबांची प्रकृति कशी आहे तें विचारलें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्यानें गल्ल्याच्या किल्ल्या आबांच्या पाटापाशीं आणून ठेवल्या. आबांनीं त्या उचलून कनवटीस लावल्या. म्हणाले, "बिल तूंच कर. मी चौकट पाहतों."